धनुष्य हातात आलं की तोल कुठे जातो : शहाद्याच्या तिरंदाजांच्या चाचण्यांच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

प्रशिक्षक सरांची तक्रार जुनीच आहे. इंडियन राउंडला, म्हणजे बांबूच्या धनुष्यावर, ताठ उभी राहणारी पोरं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं ऑलिंपिकमधलं धनुष्य, हातात आलं की हळूहळू मागे रेलायला लागतात. मागे म्हणजे लक्ष्यापासून लांब, मागच्या पायाकडे. कंबरेत वाकतात, पुढचा खांदा कानाकडे चढतो आणि मग एक दिवस माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत येऊन बसतात : "मॅडम, खांदा दुखतोय." सरांच्या मते ही निव्वळ सवय. पोटाचे स्नायू कच्चे, व्यायामाचा कंटाळा. त्यांना माझ्याकडून व्यायामाचा तक्ता हवा होता. तक्ता देईन म्हटलं, पण आधी मोजू.

मोजायचं कशासाठी, तर आकडे बघा. रिकर्व्हचं लक्ष्य ७० मीटरवर, १२२ सेंटिमीटर व्यासाचं, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर. नेमाच्या रेषेवरून ते वर्तुळ जेमतेम एक दशांश अंशाएवढं भरतं. बाण ७० सेंटिमीटर लांब धरला तर सुटताना त्याचं टोक एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की लक्ष्यावर दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. मधोमध लागणारा दहा सरळ नवात जातो. आणि माणूस तर गप्प उभा असतानाही डोलतच असतो, फक्त डोळ्याला दिसत नाही.

मुलं बहुतेक अल्पवयीन, म्हणून नोंदीत नावं नाहीत. रिकर्व्हवाले रि-१, रि-२ असे, कंपाउंडवाले, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्याचे, कं, इंडियन राउंडवाले इं. पालकांच्या संमतीचा कागद मराठीत केलाय, पण धडगावकडच्या पालकांना तो मोठ्या मुलांनी पावरी बोलीत वाचून दाखवायचा असं ठरलं. शाळेची खोली उद्याच्या मतदानासाठी गेलीय, त्यामुळे सुरुवात रविवारी.

२४ नोव्हेंबर, रविवार

खोलीतल्या चाचण्या. एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून. पावलं जुळवून डोळे मिटून. आणि वाय-बॅलन्स : फरशीवर चिकटपट्टीने इंग्रजी वायसारख्या तीन रेषा, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा चवडा तिन्ही दिशांना जितका लांब नेता येईल तितका न्यायचा आणि परत आणायचा. पायाची लांबी कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेपने घेतली, कारण उंच मुलाचा पाय लांब जाणारच. मिळालेलं अंतर पायाच्या लांबीने भागल्याशिवाय तुलना करता येत नाही. पुढच्या दिशेत दोन पायांत चार सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर त्या खेळाडूवर लक्ष ठेवायचं, असा आमच्याकडे संकेत आहे. तसा फरक एकाच मुलीत सापडला आणि तिचा घोटा पूर्वी मुरगळलेला निघाला. तिला व्यायाम दिले.

बाकी निकालाने सरांचा हिरमोड झाला. सातपुड्यातून आलेली पोरं एका पायावर डोळे मिटून अशी उभी राहिली की मला घड्याळ बघायचा कंटाळा आला. लहानपणापासून बांधावरून, उतारावरून अनवाणी चालणाऱ्याला फरशीवर एक पाय उचलणं ही काही परीक्षा नव्हे. त्यातही पहिला आला रि-३, ज्याचे बाण सध्या सगळ्यात जास्त फाकतात आणि जो सगळ्यात जास्त मागे रेलतो. पोटाचे व्यायामही घेऊन पाहिले : कोपरांवर आडवं अंग तोलून धरणं, बाजूवर तोलून धरणं. त्यातही तो चांगलाच टिकला.

म्हणजे "स्नायू कच्चे" हे उत्तर त्याच्यापुरतं तरी टिकत नाही. या चाचण्या दुखापतीच्या शक्यतेसाठी उपयोगी आहेत आणि मी त्या दर हंगामाला घेईनच. पण धनुष्य हातात नसताना धनुर्धराचा तोल मोजणं म्हणजे बैलगाडी सोडून नुसत्या बैलाची चाल पारखण्यातला प्रकार. लाइनीवर, बाण लावून मोजायला हवं.

१ डिसेंबर, रविवार

पायाखालचा दाब मोजणारी तयार यंत्रं मिळतात, पण त्यांची किंमत बघून आम्ही ती पानं मिटली. माझा भाचा जळगावला इंजिनिअरिंगला आहे, तो दिवाळीच्या सुट्टीपासूनच हे काम मागत होता. त्याने केलेली रचना साधी आहे : जाड प्लायवूडचा चौकोनी पाट, खाली लोखंडी चौकट, चार कोपऱ्यांत ५० किलो क्षमतेचे चार लोड सेल (वजन मोजणारे सेन्सर), प्रत्येकाला त्याचा संदेश आकड्यात बदलणारी एचएक्स ७११ ची छोटी चकती, सगळं ईएसपी ३२ नावाच्या एका छोट्या कंट्रोलरला जोडलेलं आणि आकडे लॅपटॉपवर. चौकट वेल्डिंग करणाऱ्या दादांनी शेवटचा टाका मारून हातानेच ती दाबून पाहिली : "मॅडम, यानावर बैल उभा करा, काहीच व्हवाव नई."

पाट मोजतो काय? शरीराचा सगळा भार जमिनीवर ज्या एका बिंदूतून उतरतो असं मानता येतं तो बिंदू, म्हणजे दाबकेंद्र. उजव्या दोन कोपऱ्यांच्या वजनातून डाव्या दोन कोपऱ्यांचं वजन वजा करायचं, एकूण वजनाने भागायचं आणि सेन्सरांमधल्या अंतराच्या निम्म्याने गुणायचं. बिंदू मध्यापासून किती सरकलाय ते मिळतं. पुढच्या-मागच्या कोपऱ्यांचं तसंच. हा बिंदू सेकंदासेकंदाला फिरतो आणि त्याची रेघ उमटते. रेघ जितक्या कमी जागेत, तितका खेळाडू स्थिर.

एक गोष्ट भाच्याने आधीच हेरली होती. या चकत्या कारखान्यातून येतात तेव्हा सेकंदाला १० वेळा मोजतात. नुसतं उभं राहण्यासाठी ते चालून जातं, कारण शरीराचं डोलणं संथ असतं. पण बाण सुटताना जे घडतं ते यात निसटतं. चकतीच्या एका पायाची जोडणी बदलली की ती सेकंदाला ८० वेळा मोजते. मात्र त्यामुळे रेघेची एकूण लांबी वाढते, कारण प्रत्येक वाचनातला बारीक कंप बेरजेत धरला जातो. तेव्हा १० च्या आणि ८० च्या मोजण्या शेजारी ठेवायच्या नाहीत, आणि रेघेच्या लांबीपेक्षा बिंदू किती पसरलाय यावरच भर ठेवायचा.

जिममधून २० किलोच्या थाळ्या आणून पाटावर खुणा केलेल्या जागी ठेवल्या. थाळी जिथे, बिंदू तिथे. कोपऱ्यांकडे किंचित चुकतो, पण तिथे कोणी उभं राहत नाही.

८ डिसेंबर, रविवार

मैदानावर पहिला दिवस. आमच्या मैदानाची माती काळी. पावसाळ्यात फुगते, आता आकसून भेगा पडल्यात. पाट ठेवला की एक कोपरा अधांतरी. शेवटी दोन फरश्या पुरल्या, गवंड्याच्या लेव्हल बाटलीने त्या समपातळीत आणल्या आणि वर पाट ठेवला. पाटाची उंची सहा-सात सेंटिमीटर. पहिल्या मुलीने वर चढून लगेच सांगितलं, "मॅडम, पडेल असं वाटतं." पायाखाली कडा आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवतं आणि माणूस आखडतो. म्हणून पाटाभोवती त्याच उंचीच्या लाकडी फळ्या टाकल्या. आता सगळीच जमीन उंच झाली. त्यावर चढून रोजच्यासारखे बाण मारल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, हा नियम.

दहानंतर ऊन चढलं तसा पाट रिकामा असतानाही आकडा सरकायला लागला. लोड सेल तापतो तसा त्याचा शून्य हलतो. त्यामुळे दर एंडच्या आधी, म्हणजे सहा बाणांच्या प्रत्येक फेरीआधी, पाट रिकामा करून शून्य करायचा आणि वर ताडपत्रीची सावली धरायची. इथे डिसेंबरात ही गत, तर एप्रिलमध्ये हे काम पहाटे उरकावं लागणार.

बुटांचंही लिहून ठेवते. निम्मी पोरं पळायच्या मऊ तळव्याच्या बुटांत बाण मारतात. मऊ फेसाचा तळवा पायाखाली दबत राहतो. त्याच मुलाला सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट घालून उभं केलं की टाच-चवडा दिशेचं डोलणं पडद्यावर कमी झालेलं दिसतं. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि यावर सरांचं आणि माझं लगेच एकमत झालं. इं-२ ला बूटच नको असतात, पण स्पर्धेत पावलं झाकलेली लागतात, तेव्हा सवय आत्तापासून.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती, सारंगखेड्याची यात्रा सुरू. निम्मी मुलं घोडे बघायला गेलेली. जी आली त्यांच्या शरीराची ठेवण मोजली.

साधनं : गवंड्याचा ओळंबा, दोन मोबाइल तिवईवर, आणि टिकल्यांचं पाकीट. सांध्यांवर चिकटवायला महागडे चमकते गोळे मिळतात. मोठ्या लाल टिकल्या तेच काम करतात आणि घामाने पडल्या तर दुसऱ्या लावता येतात. मुलगे आधी लाजले, मग एकमेकांच्या खांद्यांवर टिकल्या पाहून खिदळायला लागले.

एक कॅमेरा खेळाडूच्या छातीसमोर. यातून लक्ष्याच्या दिशेने किंवा उलट दिशेने झुकणं दिसतं. ओळंबा दोन टाचांच्या मधोमध येईल असा चित्रात धरायचा आणि बेंबी, छातीच्या हाडाची वरची खाच या टिकल्या त्या दोरीपासून किती लांब आहेत ते किनोव्हिया या व्हिडिओवर मोजमाप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजायचं. दुसरा कॅमेरा खेळाडूच्या मागे, बाणाच्या रेषेत. यात कानाची पाळी, खांद्याचं टोक, मांडीच्या हाडाचा उंचवटा, गुडघा आणि घोट्याच्या किंचित पुढची जागा एका ओळीत येतात का, आणि कमरेचा बाक किती, ते बघायचं. ओढणारं कोपर बाणाच्या रेषेत आहे की खाली लोंबतंय तेही इथेच कळतं.

रि-३ चं चित्रण मी संध्याकाळी पुन्हापुन्हा पाहिलं. बाण लावेपर्यंत पोरगा सरळ. मग तो धनुष्य उचलतो. हात खांद्याच्या उंचीला पोचायच्या आतच त्याची बरगडी मागे सरकते आणि पुढच्या बाजूचं कुल्ल्याचं हाड लक्ष्याकडे बाहेर येतं. अजून दोरी ओढलेलीच नाही! नंतर तो ओढतो, हनुवटीखाली अँकर होतो, म्हणजे ओढणारा हात तिथे टेकवतो, आणि सरळ राहिलेल्या डोक्याखाली धड तिरकं अशी ती आकृती तयार होते. पुढचा हात लक्ष्याच्या उंचीला धरायचाच असल्याने तिरक्या धडावर तो अधिक वर उचलावा लागतो, म्हणून खांदा चढतो. खांदेदुखीचा उगम खांद्यात नाहीच.

इं-१ आणि इं-२ बांबू उचलतात तेव्हा यातलं काहीही होत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आज हिशेब मांडला. रि-३ चं धनुष्य स्टॅबिलायझर (ते स्थिर ठेवणाऱ्या दांड्या), साइट (नेम धरायचं साधन) सगळं धरून अडीच किलो. पोरगा स्वतः ४० किलोचा. हात लांब केल्यावर धनुष्याचा भार अंगाच्या मध्यापासून साधारण ७० सेंटिमीटरवर येतो. अडीच गुणिले सत्तर, भागिले साडेबेचाळीस : चार सेंटिमीटर. म्हणजे पोरगा अजिबात झुकला नाही तर त्याचा एकूण भार चार सेंटिमीटर पुढच्या पायाकडे जाईल. दोन पावलांमध्ये ३५ सेंटिमीटर अंतर धरलं तर पन्नास-पन्नासची वाटणी बासष्ट-अडतीस होते. हेच धनुष्य ७० किलोच्या माणसाच्या हातात दिलं तर सरकणं अडीच सेंटिमीटरच्याही आत राहतं. आणि बांबूचं धनुष्य? किराणा दुकानातल्या काट्यावर अर्ध्या किलोच्या आसपास. त्याने एक सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही.

शरीर बावळट नाही. पुढे चार सेंटिमीटर भार आला की ते धड मागे टाकून वजन परत मधोमध आणतं. म्हणूनच पाटावर रि-३ चा बिंदू जवळजवळ मध्यावर दिसतो! नुसता पाट पाहणारा म्हणेल, उत्तम तोल. नुसता ओळंबा पाहणारा म्हणेल, वाईट ठेवण. दोन्ही खरं आहे, कारण त्या पोराने तोल ठेवण मोडूनच मिळवलाय. या दोन चाचण्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदांवर घेतल्या तर हे कधीच लक्षात येणार नाही. यापुढे पाट आणि कॅमेरे एकाच वेळी चालू करायचे. जुळणीसाठी खेळाडूने सुरुवातीला पाटावर टाच आपटायची. चित्रात टाच दिसते, आलेखात उसळी.

सरांना हे पटेना. "मॅडम, ३४ पाउंडाची ओढ आहे, तीच पोराला मागे खेचते." वाटतं खरं तसं. पण ओढ दोन हातांमध्ये असते; एक हात जितका पुढे ढकलतो तितकाच दुसरा मागे खेचतो आणि जमिनीला त्याचा पत्ताही लागत नाही. सरांनाच पाटावर उभं केलं. त्यांनी धनुष्य ओढलं, एकूण वजनाचा आकडा तिथेच. बिंदू थोडा मागे गेला तो ओढणारा हात मागे गेला म्हणून. मग रि-३ ला धनुष्य ठेवायला लावून त्याच्या मुठीत एक-एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्यांची पिशवी दिली आणि हात आडवा धरायला सांगितला. दोरी नाही, ओढ नाही. बरगडी मागे, कुल्ला बाहेर, हुबेहूब तीच आकृती. सर काही बोलले नाहीत, पण बाटल्यांची पिशवी त्यांनी स्वतः हातात धरून आरशासारखं मोबाइलमध्ये पाहिलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज दोनदा मोजणी : सरावाच्या सुरुवातीला आणि शेवटच्या एंडला. सकाळी गारठा होता, पहिल्या एंडला बोटं आखडलेली, त्यामुळे पहिली मोजणी थोडी उशिरा सुरू केली.

बघायचा तो बाण सुटण्याआधीचा शेवटचा सेकंद. चांगल्या बाणावर आलेख बोलका असतो. उचलताना बिंदू भटकतो, ओढताना मागे सरकतो, अँकर झाल्यावर एका जागी गोळा व्हायला लागतो आणि सुटायच्या आधी सगळ्यात शांत. मग क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टिक वाजणारी पट्टी) पडतो, बाण सुटतो, रेघ उसळते. सुटल्यानंतरच्या उसळीला मी फार किंमत देत नाही. पुढे गेलेल्या बाणाला ती शिवत नाही. रि-१ चा प्रत्येक बाण जवळजवळ असाच. सुरुवातीला आणि शेवटीही.

रि-३ चा पहिल्या एंडला बरा. शेवटच्या एंडला शेवटचा सेकंद शांत होतच नाही, टाच-चवडा दिशेने रेघ पसरत जाते. कारण चित्रात आहे : क्लिकर पडायला वेळ लागतोय, पाठीचे स्नायू दमलेत, तो बाण धरून ठेवतो आणि तेवढ्या वेळात अजून मागे रेलतो. जितका रेलतो तितकी ओढ लांबवायला जागा कमी, क्लिकर आणखी उशिरा. सामन्यात आळीपाळीने बाण मारताना एका बाणाला २० सेकंद असतात. त्यातले बरेचसे तो अँकरवरच घालवतोय.

पाटाची एक मर्यादा. तो पीळ दाखवत नाही. कमरेच्या वर धड उभ्या अक्षाभोवती किंचित वळलं तर बाणाची दिशा बदलते आणि बिंदू मात्र जागचा हलत नाही. उलट अख्खं अंग टाच-चवडा दिशेने पाच मिलिमीटर सरळच सरकलं तर लक्ष्यावरही पाचच मिलिमीटर. त्यामुळे पसरलेली रेघ हे चुकलेल्या बाणाचं कारण म्हणून नाही, काहीतरी बिघडतंय याची खूण म्हणून वाचायची. सरांना आता प्रत्येक आठाचं उत्तर आलेखात हवं असतं, म्हणून हे लिहून ठेवते.

१२ जानेवारी, रविवार

संक्रांत तोंडावर, गुजरातची हद्द जवळ. मैदानभर मांजा. बट (लक्ष्य लावायचा आधार) आणि बाण मारायच्या लाइनीच्या मध्ये पोरांची धावपळ. मोजणी बंद, मांजा गोळा करून जाळला.

१९ जानेवारी, रविवार

कंपाउंडवाल्यांची पाळी. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही कंपाउंडचे जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पालकाला कंपाउंडच हवंय.  धनुष्याची किंमत ऐकली की निम्मे पालक परत बांबूकडे वळतात, तो भाग वेगळा.

कंपाउंडला कप्प्या असल्याने पूर्ण ओढल्यावर हातावरचा जोर पुष्कळ उतरतो, म्हणून धरून ठेवणं सोपं. पण धनुष्य रिकर्व्हपेक्षा जड. कं-१ अंगाने भरलेला आहे, त्याला फरक पडत नाही. कं-२ ही रि-३ च्याच चणीची मुलगी. तिची आकृती रि-३ सारखीच, फक्त दमल्यावर बिघडत नाही. ओढ सुटसुटीत, भार जास्त, तरी झुकणं तेच. सरांच्या ३४ पाउंडाच्या मुद्द्याला हे आणखी एक उत्तर.

२ फेब्रुवारी, रविवार

गेले काही रविवार उपाय करून बघणं चाललंय. पहिली कल्पना सगळ्यांना सुचते तीच : स्टॅबिलायझर काढून टाका. काढला. रि-३ ताबडतोब सरळ उभा राहिला आणि त्याचे बाण आणखी फाकले. साहजिक आहे. लांब दांडीच्या टोकाला असलेलं वजन धनुष्याला वळू देत नाही. ते काढलं की हाताची प्रत्येक थरथर बाणात उतरते. म्हणजे वजन सगळंच काढून चालत नाही, ते कुठे आहे हे महत्त्वाचं. पुढच्या दांडीच्या टोकाचं एक वजन कमी केलं, बाजूच्या दोन आखूड दांड्या मागे वळवल्या. त्यामुळे धनुष्याचा भार मुठीजवळ आला, अंगापासूनचं अंतर घटलं. साइटची दांडीही एक घर आत घेतली. असं करत झुकणं बरंच कमी झालं आणि बाण पूर्वीइतके जुळले. पूर्वीपेक्षा चांगले अजून नाहीत.

सरांचं म्हणणं, धनुष्य मोठ्यांचं असणार हे आपल्याकडे गृहीतच. एका मुलाने सोडलं की ते दुसऱ्याच्या हातात जातं. मुलाच्या मापाचं धनुष्य घ्यायचं तर मूल दोन वर्षांत वाढतं आणि पैसे पाण्यात. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण वजन तरी टप्प्याटप्प्याने चढवता येईल. बांबूवरून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी सगळा सरंजाम लावून धनुष्य द्यायचं नाही. आधी नुसता रायझर (मधला मुठीचा दांडा), लिंब (वरखालची वाकणारी पाती) आणि साइट. ओळंब्याची दोरी बरगडीवरून हलली नाही की मग आखूड दांडी, मग लांब, मग टोकाची वजनं.

व्यायामही आहेत, पण धनुष्यासकट. धनुष्य उचलायचं, न ओढता धरायचं, मागून दुसऱ्याने ओळंबा धरायचा आणि बरगडी न हलवता पुढच्या पायाच्या टाचेत भार घ्यायचा. पोरांना हा खेळ वाटतो, कारण ओळंबा धरणाऱ्याला ओरडायचा अधिकार मिळतो. रि-५ ला यातलं काहीच लागू पडलेलं नाही. तिच्या पाठीच्या कण्याला मुळातच एका बाजूला बाक आहे असं मला वाटतंय, आणि तिला धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलंय.

रि-३ आज आला नाही. घरचे ऊसतोडीला गेलेत, धाकट्या भावंडांकडे बघायला घरी कोणीतरी हवं. सरांनी त्याला निरोप पाठवलाय, आणि मुलांना लिंबारामची गोष्ट पुन्हा सांगितली : राजस्थानातल्या आदिवासी पाड्यावर बांबूच्या धनुष्याने सुरुवात करून तीन ऑलिंपिक, १९८८, १९९२, १९९६. पोरांना ती पाठ आहे. तरी ऐकतात.

२ मार्च, रविवार

पुढच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीआधीचे आदिवासींचे बाजार, सुरू होतील, मग होळी. तेव्हा मैदानावर कोणी सापडणार नाही हे धरून आज सगळ्यांची फेरमोजणी उरकली. पहाटे सुरुवात, ऊन तापायच्या आत पाट गुंडाळला.

रि-३ परत आलाय. मधे सराव तुटला, तरी धनुष्य उचलताना बरगडी आता हलत नाही. दमल्यावर शेवटच्या दोन-तीन बाणांना हलते. खांदा दुखतो का विचारलं तर "नाही" म्हणाला, पण तो कधीच हो म्हणत नाही, म्हणून हात उचलायला लावून पाहिला. खांद्याचं पातं मोकळं फिरतंय. कं-२ ने वजन कमी करायला साफ नकार दिला. तिची धारणा अशी की जड धनुष्य स्थिर असतं. तिचे गुण चांगले येताहेत, तेव्हा मी जोर केला नाही. तिचा खांदा महिन्यातून एकदा तपासायचा.

बांबूवरून यंदा रिकर्व्हला येणाऱ्या दोघांची, इं-१ आणि इं-४ ची, आजच नोंद घेतली : वजन, हाताची लांबी, बांबू हातात असतानाचा ओळंबा आणि पाटाची रेघ. बदल होण्याआधीची मोजणी आपल्याकडे आहे असं पहिल्यांदाच घडतंय.

भाच्याला पुढचं काम दिलंय. एका पाटाऐवजी दोन, प्रत्येक पावलाखाली एक. आत्ताचा पाट दोन्ही पायांची बेरीज दाखवतो. मधल्या बिंदूवरून भार अंदाजे वाटता येतो, पण कोणत्या पावलाच्या टाचेत तो आहे आणि कोणत्या चवड्यात, हे दिसत नाही. "मावशी, लोड सेल आठ लागतील आणि वायरी दुप्पट," म्हणाला. लागू देत. फरश्या तिथेच पुरलेल्या राहतील. त्यांच्यावर कोणी ट्रॅक्टर घालू नये म्हणून सरांनी चुन्याची रेघ मारून घेतलीय.